सलग 141 सामने आणि मग एक नियम: लॉरा लँगमनचं प्रकरण

एप्रिल 2018. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या आणि नेटबॉलच्या साखळी फेरीत न्यूझीलंड मलावीकडून 53-57 असा हरला. आपल्याकडच्या वाचकाला या बातमीचं वजन कळायचं तर 2007 सालचं पोर्ट ऑफ स्पेन आठवावं, जिथे बांगलादेशने भारताला विश्वचषकाबाहेरची वाट दाखवली होती. न्यूझीलंडमध्ये नेटबॉल हा मुलींचा खेळ म्हणून गल्लीगल्लीत रुजलेला आहे. शनिवारी सकाळी गावातल्या मैदानांवर शाळकरी मुलींचे सामने रंगतात. त्या देशाच्या ‘सिल्व्हर फर्न्स’ संघाने मलावीकडून हरणं म्हणजे घरातलं कुणी आजारी पडल्यासारखं होतं. पुढे उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाने त्यांना 65-44 असं चिरडलं, कांस्यपदकाच्या सामन्यात जमैकानेही हरवलं. 1998 मध्ये नेटबॉल राष्ट्रकुलात आल्यापासून पहिल्यांदाच न्यूझीलंड पदकाशिवाय घरी परतला.

त्या दिवसांत न्यूझीलंडची सर्वांत अनुभवी खेळाडू आणि माजी कर्णधार त्याच राज्यात राहत होती. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला गोल्ड कोस्ट, उत्तरेला सनशाइन कोस्ट. लॉरा लँगमन सनशाइन कोस्टच्या क्लबकडून खेळत होती. दुखापत नव्हती, वय आड येत नव्हतं, खेळ ओसरलेला नव्हता. पण नियमानुसार ती देशासाठी खेळू शकत नव्हती.

देशाने आपल्या उत्तम खेळाडूला ‘परदेशातली लीग किंवा देशाची जर्सी, दोन्हींपैकी एकच’ असं सांगावं का, हा या प्रकरणाचा मूळ प्रश्न. उत्तर मला वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही.

आधी ती कोण, हे

लँगमनचा जन्म 1986 चा, हॅमिल्टनचा. पेशाने ती अकाउंटंट. नेटबॉलवर जगता येईल इतके पैसे या खेळात अगदी अलीकडे आले, त्यामुळे तिच्या पिढीतल्या बहुतेक जणींनी पोटापाण्यासाठी दुसरं काहीतरी शिकून ठेवलेलं असतं. 2005 मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, ती सिल्व्हर फर्न्सकडून पहिल्यांदा खेळली. त्यानंतर 2016 पर्यंत सलग 141 आंतरराष्ट्रीय सामने. हा आकडा मी वाचला तेव्हा दोनदा तपासला. अकरा वर्षांत एकदाही घोटा मुरगळला नाही, एकदाही ‘विश्रांती दिली’ असं झालं नाही, एकदाही फॉर्म गेला म्हणून बाकावर बसावं लागलं नाही.

आणि ती खेळायची कुठे, तर मुख्यतः सेंटरला. ज्यांनी शाळेत नेटबॉल खेळला असेल त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडं थांबतो. संघात सात जणी. प्रत्येकीच्या अंगावर तिच्या जागेची अक्षरं असलेला बिब. मैदान 30.5 मीटर लांब, 15.25 मीटर रुंद, त्याचे तीन भाग. कुणी कुठल्या भागात पाऊल टाकायचं हे ठरलेलं. चेंडू टप्पे देत पळवता येत नाही, हातात तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. रिंग 3.05 मीटर उंच, बास्केटबॉलसारखा मागे फळा नाही, आणि गोल करायचा अधिकार फक्त गोल शूटर आणि गोल अटॅक या दोघींना. सेंटरला मात्र दोन्ही टोकांची गोलवर्तुळं सोडली तर सगळं मैदान मोकळं. म्हणजे ती गोल कधीच करत नाही, तिचं नाव धावफलकावर कधीच येत नाही, पण बचावातून आक्रमणात जाणारा जवळपास प्रत्येक चेंडू तिच्या हातून किंवा तिच्या नजरेखालून जातो. 15 मिनिटांचे चार भाग, साठ मिनिटं सतत धावपळ. सेंटरचं काम नीट बघायचं असेल तर चेंडूवरची नजर काढून फक्त तिच्याकडे दहा मिनिटं पाहावं. लँगमनकडे असं पाहिलं की दमायला होतं.

दिल्लीकरांनी तिला प्रत्यक्ष पाहिलं आहे. 2010 च्या राष्ट्रकुलात त्यागराज स्टेडियममध्ये नेटबॉलचा अंतिम सामना झाला. निर्धारित वेळेत बरोबरी, जादा वेळेतही बरोबरी, पुन्हा जादा वेळ, आणि शेवटी न्यूझीलंड 66, ऑस्ट्रेलिया 64. निर्णायक गोल मरिया तुटाइयाचा. (पुढे लग्नानंतर ती मरिया फोलाऊ झाली, या गोष्टीत ती परत येणार आहे.) भारतात खेळला गेलेला नेटबॉलचा इतका चुरशीचा दुसरा सामना मला माहीत नाही, आणि कॉमनवेल्थच्या त्या वर्षी आपण सगळे घोटाळ्यांच्या बातम्यांत इतके बुडालो होतो की तो आपल्या समोरून तसाच निघून गेला. याची मला आजही खंत वाटते.

राष्ट्रकुलाची दोन सुवर्णं, 2006 आणि 2010 ची, तिच्याकडे होती. विश्वचषक मात्र नव्हता. 2007 ला ऑकलंडमध्ये अंतिम सामना 38-42 असा गेला. 2011 ला सिंगापूरमध्ये जादा वेळेत 57-58 असा. 2015 ला सिडनीत 55-58 असा. तिन्ही वेळा समोर ऑस्ट्रेलिया. तिन्ही पराभव मिळून फरक आठ गोलांचा.

नियम कुठून आला

2008 ते 2016 या काळात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची एकच सामाईक लीग होती. पाच संघ तिकडचे, पाच इकडचे. नऊ मोसमांत आठ वेळा ऑस्ट्रेलियाचे संघ जिंकले. न्यूझीलंडचा एकमेव विजेता म्हणजे 2012 चा वायकाटो बे ऑफ प्लेंटी मॅजिक, ज्याने मेलबर्न व्हिक्सन्सला मेलबर्नमध्येच 41-38 असं हरवलं. त्या संघात लँगमन होती, केसी कोपुआ होती, आयरीन व्हॅन डाइक होती, आणि प्रशिक्षक होत्या नोलीन टाऊरुआ.

2017 पासून वाटा वेगळ्या झाल्या. ऑस्ट्रेलियाने आठ संघांची स्वतःची लीग काढली. न्यूझीलंडने सहा संघांची. ऑस्ट्रेलियाच्या नव्या लीगमध्ये खेळाडूचं किमान मानधन 13,250 डॉलरवरून 27,375 ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेलं आणि सरासरी 67,500 च्या घरात पोचली. जगभरच्या चांगल्या खेळाडू तिकडे ओढल्या जाणार हे उघड होतं.

न्यूझीलंडच्या नेटबॉल संघटनेची भीती समजून घ्यायला हवी. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीचा देश. पहिल्या दर्जाच्या खेळाडू मोजक्या. त्यातल्या पाच-सहा जणी समुद्र ओलांडून गेल्या तर घरच्या लीगचे सामने कोण बघणार, दूरचित्रवाणीवाले आणि प्रायोजक किती दिवस थांबणार, आणि शाळेतल्या मुलीला शनिवारी टीव्हीवर कोण दिसणार? म्हणून नियम असा होता की सिल्व्हर फर्न्समध्ये निवड हवी तर घरच्या लीगमध्ये खेळा. अपवादाची तरतूद होती, पण ती सहज मिळणारी नव्हती.

आपल्याला हा नियम अनोळखी नाही. आपल्या पुरुष क्रिकेटपटूंना निवृत्त होईपर्यंत परदेशी लीग बंद आहेत. स्त्री क्रिकेटपटूंना मात्र 2016 पासून मोकळीक मिळाली आणि सांगलीची स्मृती मानधना पहिल्याच वर्षी ब्रिस्बेनकडून खेळायला गेली. एकाच मंडळाने दोन वेगळी उत्तरं दिली, कारण दोन्हीकडचं घरचं मैदान वेगळं होतं. पुरुषांना घरीच आयपीएल होती. स्त्रियांना तेव्हा घरी तसं काहीच नव्हतं. न्यूझीलंडच्या संघटनेने हा फरक पाहायला हवा होता असं मला वाटतं. त्यांची घरची लीग नवी होती, आणि सगळ्यांत कठीण प्रतिस्पर्धी आता त्या लीगच्या बाहेर होते.

लँगमनचा निर्णय

2016 मध्ये ती सिल्व्हर फर्न्सची कर्णधार होती. त्यानंतर तिने नव्या ऑस्ट्रेलियन लीगमधल्या नव्याकोऱ्या सनशाइन कोस्ट लाइटनिंगशी करार केला. परिणाम काय होणार हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे तिच्यावर अन्याय झाला, असं सरळ म्हणणं मला पटत नाही. नियम आधीपासून होता, तिने तो वाचलेला होता, आणि तिने निवड केली.

पण ती गेली कुठे हे बघा. लाइटनिंगच्या प्रशिक्षक होत्या टाऊरुआ. ज्या स्त्रीने तिला मॅजिकमध्ये घडवलं, तीच. 2015 च्या अखेरीस न्यूझीलंडच्या प्रशिक्षकपदासाठी संघटनेने टाऊरुआंऐवजी जनीन साउथबी यांना निवडलं होतं. म्हणजे आधी प्रशिक्षक बाहेर गेल्या, मग कर्णधार. हे दोन निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर झाले, पण त्यांची बेरीज करायला कुणी बसलं नाही.

लाइटनिंगच्या कपडे बदलायच्या खोलीत आणखी कोण होतं? इंग्लंडची जीवा मेंटर. ऑस्ट्रेलियाची उंच गोल शूटर केटलिन बॅसेट, जी पुढे ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली. ऑस्ट्रेलियाचीच स्टेफ वूड. दक्षिण आफ्रिकेची कार्ला प्रिटोरियस. लँगमन रोज सकाळी ज्यांच्याविरुद्ध सराव करत होती, त्या जगातल्या पहिल्या वीस-पंचवीस खेळाडूंपैकी होत्या. नवा क्लब पहिल्याच मोसमात, 2017 मध्ये, विजेता ठरला. अंतिम सामन्यात जायंट्सवर 65-48. पुढच्या वर्षी पर्थला जाऊन वेस्ट कोस्ट फीव्हरला त्यांच्याच घरी 62-59 असं हरवलं आणि दुसरं विजेतेपद घेतलं.

देशाच्या दृष्टीने ती या काळात ‘बाहेर’ होती. खेळाच्या दृष्टीने ती जगातल्या सर्वांत कठीण शाळेत बसली होती. घरच्या लीगमधून फुकट मिळत नव्हतं ते शिक्षण तिला तिथे मिळत होतं, आणि ते देशाच्या कामी येऊ नये याची व्यवस्था देशाच्याच नियमाने केली होती.

गोल्ड कोस्टनंतर

पराभवाचं खापर एकट्या नियमावर फोडणं सोपं आहे आणि चुकीचंही. त्या संघाच्या अडचणी अनेक होत्या: तंदुरुस्ती, दबावाखाली घेतलेले निर्णय, बचाव आणि आक्रमणाला जोडणारा मधला दुवा. तरीही तो मधला दुवा म्हणजेच सेंटरची जागा, हे लपत नाही. शिवाय साखळीत इंग्लंडनेही न्यूझीलंडला 54-45 असं हरवलं होतं. इंग्लंडने पुढे अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला शेवटच्या क्षणी 52-51 असं गाठलं, आणि त्या इंग्लंडच्या संघात लँगमनची रोजची सहकारी मेंटर होती. इंग्लंडने आपल्या खेळाडूंना ऑस्ट्रेलियात खेळू दिलं आणि सुवर्ण नेलं. हा दाखला न्यूझीलंडच्या डोळ्यांसमोरच घडला.

स्पर्धेची स्वतंत्र चौकशी झाली. साउथबी यांनी पद सोडलं. ऑगस्ट 2018 मध्ये टाऊरुआंना बोलावण्यात आलं, आणि इथे एक गोष्ट घडली जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. टाऊरुआ न्यूझीलंडच्या प्रशिक्षक झाल्या तरी 2019 च्या मोसमात लाइटनिंगच्याही प्रशिक्षक राहिल्या. देशाच्या प्रशिक्षकाला ऑस्ट्रेलियन लीग चालते, तर देशाच्या सेंटरला का चालू नये? प्रश्न असा समोर उभा राहिल्यावर जुनं उत्तर टिकणं अवघड होतं. लँगमन आणि मरिया फोलाऊ या दोघींना अपवाद मंजूर झाला. लँगमन लाइटनिंगकडून खेळत राहिली, फोलाऊ ॲडिलेडला गेली, आणि दोघी देशासाठी उपलब्ध झाल्या.

टाऊरुआंनी बाकी कुणालाही सवलत दिली नाही हेही सांगायला हवं. तंदुरुस्तीची पातळी त्यांनी ठरवली आणि ती गाठली नाही तर नाव कितीही मोठं असो, संघात जागा नाही. केसी कोपुआ आंतरराष्ट्रीय खेळातून बाजूला झाली होती, आई झाली होती. तिला परत आणलं, पण तिनेही ती पातळी गाठूनच जागा मिळवली. अपवाद लीगपुरता होता, मेहनतीपुरता नव्हता. मला वाटतं म्हणूनच संघातल्या बाकीच्यांना तो बोचला नाही. मधल्या काळात कर्णधारपद सांभाळणारी कॅटरिना ग्रँट (लग्नानंतर रोरे) हिच्याकडून विश्वचषकासाठी नेतृत्व लँगमनकडे आलं, आणि कॅटरिना त्याच संघात खेळली. दोन वर्षं दूर राहिलेली बाई परत येते आणि कर्णधार होते, हे कुठल्याही संघात नाजूक असतं. तिथे ते निभावलं गेलं याचं श्रेय मी लँगमनइतकंच कॅटरिनालाही देईन.

लिव्हरपूल

जुलै 2019. न्यूझीलंडच्या खेळप्रेमींसाठी तो महिना विलक्षण होता, आणि आपणही त्यातले काही दिवस जगलो आहोत. 10 तारखेला मँचेस्टरला गप्टिलच्या फेकीने धोनी धावबाद झाला आणि आपला विश्वचषक संपला. 14 तारखेला लॉर्ड्सवर न्यूझीलंडचा विश्वचषक चौकारांच्या मोजणीवर गेला. त्याच वेळी मँचेस्टरपासून जवळच लिव्हरपूलला नेटबॉलचा विश्वचषक चालू होता. ती दुसरी गोष्ट आपल्या वर्तमानपत्रांत जवळजवळ आलीच नाही.

साखळीत न्यूझीलंड ऑस्ट्रेलियाकडून 49-50 असा हरला. उपांत्य सामन्यात यजमान इंग्लंडला, त्यांच्या प्रेक्षकांसमोर, 47-45 असं रोखलं. 21 जुलैला अंतिम सामना, पुन्हा ऑस्ट्रेलिया, चौथ्यांदा. पण या वेळी सेंटरच्या जागी उभ्या असलेल्या बाईला ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराचा खेळ आतून माहीत होता. बॅसेटच्या हातात चेंडू कोणत्या उंचीवर, कोणत्या बाजूने आवडतो, वूड कधी वळते, हे तिने दोन मोसम रोज पाहिलं होतं. मागे बचावात कोपुआ आणि जेन वॉटसन, पुढे फोलाऊ आणि अमेलियारॅन एकेनासियो, आणि मध्ये ती.

न्यूझीलंड 52, ऑस्ट्रेलिया 51.

2003 नंतरचा पहिला विश्वचषक. पंधरा महिन्यांपूर्वी इंग्लंडने ज्या गुणसंख्येने ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं, तीच गुणसंख्या. 2007 पासून तिच्या हातून जे निसटत आलं होतं ते एका गोलाने मिळालं. विजेत्या संघाला जागतिक संघटनेकडून बक्षिसाची रक्कम नव्हती. आठवडाभरापूर्वी लॉर्ड्सवर हरलेल्या पुरुष संघाला होती. स्त्रियांच्या खेळाबद्दल बोलताना आपण ‘प्रेरणा’ वगैरे शब्द वापरतो आणि हा मुद्दा शेवटी ठेवतो. मी तो इथेच, गुणफलकाला लागून ठेवतो, कारण परदेशी लीगच्या मानधनाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. जगज्जेती झाल्यावरही जिचं घर त्या चषकावर चालत नाही, तिला ‘चांगल्या लीगमध्ये जाऊ नको’ असं सांगण्याचा हक्क देशाला किती?

अपवादाची मर्यादा

2020 मध्ये लँगमन निवृत्त झाली. एकूण 163 आंतरराष्ट्रीय सामने, सिल्व्हर फर्न्ससाठी सर्वांत जास्त; व्हॅन डाइकचा 145 चा विक्रम तिने वाटेत मागे टाकला. 2019 च्या कामगिरीसाठी सिल्व्हर फर्न्सला न्यूझीलंडच्या हॅलबर्ग क्रीडा पुरस्कारांतला सर्वोच्च मान मिळाला. गोष्ट म्हणून हे सुखान्त आहे.

प्रकरण म्हणून मात्र मला एक गोष्ट सलते. लँगमन आणि फोलाऊ यांना अपवाद मिळाला तेव्हा दोघींच्याही पाठीशी शंभराहून जास्त सामने होते. आणि तो मिळाला मोठा पराभव झाल्यावर. म्हणजे दार उघडलं ते पुण्याईच्या जोरावर आणि गरजेच्या वेळी. मी संघटनेच्या जागी असतो तर उलटा विचार केला असता: खेळाडू बाहेरून काय शिकून येईल, कुणाकडून शिकून येईल आणि ते देशाच्या संघात कुठे बसेल. या कसोटीवर तिशीतली लँगमन जितकी पात्र होती, तितकीच एखादी बावीस वर्षांची मुलगीही असू शकते. किंबहुना तिला त्याचा उपयोग जास्त वर्षं होईल. घरच्या लीगला फटका बसू नये म्हणून एका वेळी दोघींनाच, ठरावीक मोसमांपुरतं, परत आल्यावर घरच्या संघात खेळायच्या बोलीवर सोडता आलं असतं. एवढ्या लहान संख्येने लीग बुडत नाही.

2023 चा विश्वचषक केप टाउनला झाला. न्यूझीलंडची तरुण गोल शूटर ग्रेस न्वेके पहिल्याच सामन्यात गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडली आणि संघ चौथा आला. कांस्यपदकाच्या सामन्यात समोर होता जमैका, गोल्ड कोस्टसारखाच. बरी झाल्यावर न्वेकेने 2025 च्या मोसमासाठी ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स स्विफ्ट्सशी करार केला. तिने करार केला तेव्हा नियम तोच होता, आणि सिल्व्हर फर्न्सचं दार तिच्यासाठी बंद झालं. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. शंभर सामने तिच्या नावावर नव्हते.